पुतळीच्या मापाचा ब्लाऊज

ब्लाऊज दंडापर्यंत गेला आणि तिथेच अडून बसला. शिवगंगाने मागून ओढून पाहिलं, प्रणिताने श्वास आत घेऊन पाहिलं, पण तो काही पुढे सरकेना.

"आई, सोडा व. हात मोडंल माझा," प्रणिता म्हणाली.

"थांब जरा. खांदा खाली कर."

"खांद्याचं काय न्हाई. मागची हुकं कुठं अन् मी कुठं. मधी वीतभर जागा ऱ्हायलीय."

शिवगंगाने सुनेची पाठ आपल्याकडे वळवली आणि पाहिलं. खरंच वीतभर होती. ब्लाऊज होता रामा रंगाच्या जरीचा, अस्तरासकट पुठ्ठ्यासारखा ताठ. पलंगावर त्याची साडी पडली होती, तीही तशीच ताठ, हातभर जरीकाठाची. पाळण्यात तीन महिन्यांची लेक मूठ चोखत पडली होती. सकाळीच जंगम महाराज येऊन तिला लिंगधारणा करून गेले होते, तेव्हापासून ती एका डोळ्याने सगळ्यांकडे बघत होती. दुपारी चारला बायका जमणार होत्या, तिला पाळण्यात घालून नाव ठेवणार होत्या. म्हणजे हातात साडेपाच तास होते.

"कुणाच्या मापानं शिवला हा?" शिवगंगाने विचारलं. उत्तर तिलाही माहीत होतं.

"पुतळीच्या," प्रणिता म्हणाली आणि तिला हसूच फुटलं. हसताना पोटावरचे टाके ओढले गेले म्हणून तिने उशी पोटाशी धरली, तरी हसू थांबेना.

दिंद्रुडच्या बाजारात शिवगंगाच्या नवऱ्याचं, सोमलिंगअप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या दर्शनी काचेत एक पुतळी उभी होती. लग्न होऊन प्रणिता या घरात आली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं, की नव्या सुनेचं आणि पुतळीचं माप एकच आहे. तेव्हापासून सुनेचा ब्लाऊज म्हणजे पुतळीवर टेप लावायचा आणि शिवून टाकायचा. सुनेला दुकानाच्या ओट्यावर बोलवायला नको, सटवा टेलरला घरात यायला नको. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. प्रणिता बाळंतपणाला युसूफ वडगावला माहेरी गेली, तिथे तिचं सिझर झालं, अंग भरलं, दूध आलं, आणि इकडे पुतळी काचेत जशीच्या तशी उभी राहिली. अप्पांनी तिच्याच मापाने ब्लाऊज शिवून ठेवला.

आता यात हसण्यासारखं जेवढं होतं तेवढं शिवगंगाही हसली. मग तिचं लक्ष पलंगावरच्या साडीकडे गेलं. या घरात कार्याला सुनेने काय नेसायचं हे सून ठरवत नसे, दुकान ठरवत असे. घरच्या बाईच्या अंगावर चार बायकांनी जे पाहिलं, तेच दुसऱ्या दिवशी दुकानात मागायला यायच्या. अप्पांच्या वडिलांपासूनची ही रीत. लगनसराई तोंडावर होती आणि अप्पांनी सुरतेहून या रामा साडीचे साठ नग उचलले होते. आज दीडशे बायकांसमोर ती प्रणिताच्या अंगावर दिसायची होती.

"चला, बाहेर सांगू," शिवगंगा म्हणाली.

"तुमी सांगता का मी सांगू?"

"तू सांग बाई. मला जमंना." असं म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली. एकतीस वर्षं ती या घरात हेच म्हणत आली होती.

बाहेर सोप्यात दरबार भरलाच होता. अप्पा गादीवर, कपाळावर विभूती, समोर पानसुपारीचं तबक. शेजारी त्यांची थोरली बहीण कावेरीअक्का. धर्मापुरीहून त्या दोन दिवस आधीच आल्या होत्या, कारण त्यांच्याशिवाय या घरात पान हलत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. प्रणिताच्या नवऱ्याला, केदारनाथला बहीण नाही, म्हणून बाळाचं नाव ठेवायचा मानही त्यांचाच. केदारनाथ उंबऱ्यात उभा राहून फोनवर मंडपवाल्याशी वाद घालत होता.

प्रणिताने गाऊनवर ओढणी घेतली होती. तिने ब्लाऊज अप्पांसमोर ठेवला.

"अप्पा, बसंना मला."

"बसंना? सटवानं बरोबर माप घेतलंय. म्या स्वतः उभा व्हतो."

"माप बरोबर हाय, अप्पा. पण पुतळी बाळंत झाली न्हाई ना."

केदारनाथने फोन घाईने कानावेगळा केला आणि भिंतीकडे तोंड करून हसला. अप्पांना हसावं की रागवावं ते कळेना. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सटवाला बोलवा," ते म्हणाले.

सटवा गळ्यात टेप टाकून आला. त्याने ब्लाऊज उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "आतून दाबच न्हाई, अप्पा. काय उसवू? तुमी कापड मोजून ऐंशी सेंटिमीटर दिल्तं. वीतभर जास्तीचं दिलं असतं, तर आता ढिला करून दिला असता."

"दुसरा शीव."

"चार वाजेपर्यंत? जरीचा, अस्तराचा? आन् समजा शिवला, तर त्यास्नी लेकराला पाजायचं कसं? हुकं मागं हायेत ह्या डिझाइनला न् पुढं नुसती शोभेची. म्या तवाच म्हणलोतो."

हे बाकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सटवाला चार लेकरं होती, त्याला ठाऊक होतं.

"मंग असं करा," कावेरीअक्कांनी निकाल दिला. "कडनं उसवा, आतून पिना लावा, वरून पदर घ्या. कुणाला काय दिसतंय? तीन तासाचा तर सवाल हाय. लेकराला तेवढा वेळ बाटली द्या."

"बाटली तिनं कधी तोंडात धरली न्हाई, आत्या," प्रणिता म्हणाली.

"भूक लागली की धरंल."

केदारनाथने आईकडे पाहिलं. प्रणितानेही पाहिलं. शिवगंगाला दोघांची नजर कळली आणि तरी, निव्वळ सवयीने, तिच्या तोंडून निघालं, "तीन तास काढशील ना गं? अप्पांनी एवढा माल उचललाय."

प्रणिता वळून आत गेली. शिवगंगाला वाटलं, संपलं, ऐकलं पोरीने. पण प्रणिता बाहेर आली ती हातावर घडी केलेला एक ड्रेस घेऊन, आणि तो तिने गादीवर, अप्पांच्या समोर उलगडून ठेवला.

"माहेरी बसून शिवलाय म्या. दोन महिने लागले. ही झोपली की दोन शिवणी मारायची, उठली की थांबायचं."

जांभळ्या खणाचा पायघोळ ड्रेस होता तो. आतून मऊ मलमलचं अस्तर. गळ्याखाली दोन्ही बाजूंना बारीक चुण्या, आणि त्या चुण्यांच्या आत दोन चेन दडवलेल्या, सांगितल्याशिवाय दिसू नयेत अशा. कमरेला नाडी नव्हती. रुंद, सैल इलास्टिक होतं, तेही टाक्यांच्या बरंच वर घेतलेलं. दोन्ही कडेला खोल खिसे. वरून घ्यायला इरकली काठाची ऐसपैस ओढणी, लेकरू पुरतं झाकेल एवढी.

"खिसे कशाला?" अप्पांनी न राहवून विचारलं.

"रुमाल, लंगोट, फोन. एका हातात लेकरू असतंय, अप्पा."

"ड्रेस?" कावेरीअक्का म्हणाल्या. "पाळण्याला ड्रेस? सगळा गाव येणार, आन् बाळंतीण शाळेतल्या पोरीवानी ड्रेस घालून बसणार? आगं, लेकरू झाल्यावर बाईनं एवढं नटायचंच कशाला?"

"साडी नेसा म्हणताव ते बी नटायलाच की, आत्या," प्रणिता म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरून आले होते. "मला नटायचंय. तीन महिने झाले गाऊनवर काढायले. केस विंचरायला येळ न्हाई, आरशात बघितलं की वाटतं ही कोण बाई. आज पहिल्यांदा चार माणसांत बसणार हाय. मला चांगलं दिसायचंय, न् लेकराला भूक लागली की तिथंच पाजायचंय. दोनी पायजे मला. एवढं बी जमत न्हाई का या घरात? कापडाचं दुकान हाय आपलं!"

सटवा म्हणाला, "चेन लई बेस्ट बसवलीय, वहिनी," आणि अक्कांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो टेप गुंडाळत ओट्यावर निघून गेला.

अप्पांनी घसा साफ केला. "पोरी, तुझं खोटं न्हाई. पण साठ साड्या हायेत. एकडाव बायकांच्या डोळ्यांत भरली की..."

"आजकालच्या पोरींना कळ म्हणून काढवत न्हाई," अक्का म्हणाल्या. "आमच्या शिवगंगाला इचारा. केदारच्या पाळण्याला सकाळी नवाला बसवलं ती सांजच्या पाचाला उठली. पिवळा बनारसी शालू, कोपरापर्यंत गच्च ब्लाऊज. तवा बी दुकानात नवा माल आल्ता. हू की चू केलं न्हाई बाईनं. याला म्हणायचं सून!"

अक्कांनी हे कौतुक म्हणून सांगितलं. खरंच कौतुक म्हणून. एकोणतीस वर्षं त्या ते असंच सांगत आल्या होत्या, आणि त्याच दमात पुढचंही सांगत आल्या होत्या, की बिचारीला दूधच उतरलं नाही, केदार डब्याच्या दुधावर वाढला. हे दुसरं वाक्य शिवगंगाच्या नावाला चिकटून बसलं होतं. लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला, शेजारणीच्या बाळंतपणात, कुठेही विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, शिवगंगाला कुठं दूध होतं. आणि शिवगंगा गप्प बसायची, कारण खरं काय ते सांगायचं म्हणजे सासूचं आणि नणंदेचं नाव घ्यावं लागलं असतं.

आज तिने सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मघाशी आपण काय बोलून गेलो ते तिला आठवलं. आपल्या तोंडून आपली सासू बोलली, असं तिला वाटलं.

"आन् पाच वाजल्यानंतरचं सांगा की, अक्का," ती म्हणाली.

"काय?"

"नऊ ते पाच बसले. पुढं काय झालं ते सांगा. तुमी व्हताव की तिथं."

अप्पांनी मान वर केली. आपली बायको अक्कांना उलट प्रश्न विचारते आहे, हे त्यांच्या कानांना नवीन होतं.

"केदार आत रडायलाता," शिवगंगा म्हणाली. "मला ऐकू यायचं. म्या दोनदा उठले, दोनदा सासूबाईंनी खांदा दाबून बसवलं. म्हणल्या, साडीची घडी मोडंल, बायका बघायल्यात. माझी छाती दगड झालती, अक्का. शालूच्या आत दूध वाहायलं, तर तुमी वरून शाल टाकली, डाग दिसू नये म्हणून. रातच्याला ताप भरला. आठ दिवस ताप व्हता. छातीत गाठ झाली, डॉक्टरनं चिरून पू काढला. लेकरू आठ दिवस बाटलीवर, मंग ते अंगावर येईचना. तसं गेलं माझं दूध. न्हवतं म्हणून न्हाई गेलं."

केदारनाथने फोन खिशात टाकला. त्याच्याबद्दलच चाललं होतं सगळं, आणि त्याला यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

"मला ताप आल्ता एवढंच सांगितलं," अप्पा हळूच म्हणाले. "म्या माजलगावहून दुधाचे डबे आणायचो. वाटायचं, असंल नशिबात. मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?"

अप्पा गादीच्या कडेशी चाळा करत बसले. मग त्यांचा हात आपोआप समोरच्या ड्रेसवर गेला. आयुष्यभराची सवय, कापड दिसलं की चिमटीत धरून बघायचंच. त्यांनी खण चोळून पाहिला, अस्तर चोळून पाहिलं, चेन एकदा वर-खाली केली.

"मऊ हाय," ते म्हणाले. "टोचत न्हाई कुठं."

"न्हाई, अप्पा."

"घाल मंग. साड्यांचं बघू काय व्हईल ते."

"काय बघू? नुकसान सोसणार व्हय?" कावेरीअक्का उसळून उठल्या. शिवगंगाच्या बोलण्याने त्या हलल्या होत्या, आणि हललेलं दिसू नये म्हणून रागावल्या होत्या. "आणा ती साडी इकडं. मी नेसते. अडुसष्ट वर्षांची झाले, पण दुकानाची अब्रू राखाया अजून येतं मला. तीन तास न्हाई, सहा तास बसून दावते. बघा!"

आणि त्या खरंच ती नेसल्या, स्वतःच्या ब्लाऊजवर. बाराला जेवण उरकून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. सुरतेची ती ताठ जरी त्यांच्या कमरेभोवती काही केल्या बसेना. एक निरी आत घातली की दुसरी बाहेर. शेवटी शिवगंगाने खांद्याला, पाठीला, कमरेला मिळून अकरा पिना लावल्या तेव्हा कुठे पदर जागेवर राहिला. "हं, आता कसं," अक्का म्हणाल्या आणि वळल्या. पूर्ण वळता आलं नाही, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

चारला मंडप भरला. चैत्राचं ऊन अजून उतरलं नव्हतं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, पोरं घुगऱ्यांसाठी आतापासूनच भोवती घुटमळत होती. प्रणिता लेकराला घेऊन बाहेर आली तेव्हा मंडपात क्षणभर कुजबुज झाली. जांभळा खण तिच्या अंगावर असा सहज बसला होता, की ती तीन महिन्यांची बाळंतीण वाटत नव्हती आणि वाटतही होती. अंग भरलेलं होतं, ते तिने लपवलं नव्हतं. केसांत मोगऱ्याचा गजरा होता. मुख्य म्हणजे ती ताठ मानेने चालत होती. इतक्या दिवसांत शिवगंगाने तिला वाकूनच चालताना पाहिलं होतं. शिवगंगाला एवढा आनंद झाला, की तिने भर मंडपात सुनेच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

कावेरीअक्का पाळण्याशेजारी मानाच्या खुर्चीत बसल्या होत्या. साडी दिसत मात्र होती छान. दोन-तीन जणींनी किंमतही विचारली. पण सव्वाचारला लाइट गेली, पंखे थांबले आणि अक्कांचा चेहरा हळूहळू साडीच्या बरोबर उलट्या रंगाचा, लालबुंद होऊ लागला. जरीचा काठ मानेला घासत होता. त्या एकदा डावीकडे सरकत, एकदा उजवीकडे.

"पाणी देऊ का, अक्का?" शिवगंगाने जवळ जाऊन विचारलं.

"नको. काय झालंय मला?"

"वारा घालू?"

"गप बस गं."

पाळणा झाला. अक्कांनी पोरीच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, सुकन्या. रीतीप्रमाणे पाठीत बायकांच्या चार बुक्क्या बसल्या, त्याही त्यांनी पिनांसकट सोसल्या. आणि नाव ऐकताच सुकन्याने असा टाहो फोडला, की गाणारणींचा सूरच तुटला.

प्रणिता उठून आत गेली नाही. तिथेच भिंतीला टेकून बसली, ओढणी पुढे ओढली, चुण्यांत बोटं घातली, आणि दोन क्षणांत रडणं थांबलं. बाहेरून काही म्हणता काही दिसलं नाही. नुसती ओढणीखालून दोन इवलीशी पावलं हलत होती. पुढच्या रांगेतल्या एका तरण्या पोरीने, तिच्या मांडीवरही तान्हं होतं, हळूच विचारलं, "ताई, चेन कुठं हाय गं?" आणि प्रणिता तिला डोळ्यांनी खुणावत हसली.

अक्का टक लावून त्या ओढणीकडे पाहत होत्या. त्यांच्या कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती. बोटं सारखी कमरेकडे जात होती आणि लोक बघतात म्हणून परत येत होती. जेमतेम तास झाला होता बसून.

शिवगंगा घुगऱ्यांचं पातेलं घेऊन वाटत निघाली होती. ती दुसऱ्या रांगेत पोहोचली तेव्हा पाटलांच्या छबुबाई मोठ्याने म्हणाल्या, "पीत्यं व्हय गं नीट? बरं झालं बाई. म्या म्हणलं, सासूवर जाती का काय. आमच्या शिवगंगाला थेंब न्हवता."

दोघी-तिघी हसल्या. वाईट मनाने नाही, नेहमीचंच म्हणून. शिवगंगाचा हात पातेल्यातच राहिला. एवढं सोप्यात बोलून झालं होतं, तरी इथे दीडशे बायकांत तिचं तोंड उघडेना.

"छबुबाई!"

कावेरीअक्का खुर्चीतून उठल्या होत्या. उठताना कुठलीतरी पिन टोचली असावी, कारण त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि मग उघडले.

"तुमाला ते कुणी सांगितलं?"

"तुमीच की, अक्का. सगळ्यांनाच ठाव हाय."

"म्या सांगितलं ते खोटं व्हतं," अक्का म्हणाल्या. "शिवगंगाला दूध व्हतं. लई व्हतं. लेकरू आत रडायलंतं न् आमी हिला उठू दिलं न्हाई, असलंच कायतरी गच्च नेसवून बसवली व्हती दिवसभर. एक तास झाला मला, जीव चाललाय. हिनं आठ तास काढले, भरल्या छातीनं. आन् वर आमीच गावाला सांगत फिरलो, हिला दूध न्हाई. आता सगळ्याजणी ऐका, न् घरी गेल्यावर हेच सांगा."

शिवगंगाला रडू आलं. पातेलं हातात होतं, तोंडावर पदर घ्यायला हात मोकळा नव्हता, आणि घ्यावासाही वाटला नाही. प्रणिताने बसल्या जागेवरून हात पुढे करून पातेलं आपल्याजवळ ओढून घेतलं. मंडपाच्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन केदारनाथ उभा होता आणि आईकडे बघत होता.

"बघत काय बसलीस, शिवगंगे?" अक्का म्हणाल्या. "पाठीकडल्या पिना काढ की गं."

शिवगंगा डोळे न पुसताच त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि एकेक पिन काढू लागली.